शजऱ्यात नसलेली नावे

दोन वर्षांपूर्वी आपाच्या घरी मंगनीची बोलणी सुरू झाली. मुलगी आमची भाची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. मुलगा आमच्या खालाचा नातू. घरचाच रिश्ता, पाहिलेली माणसे. ईदनंतर मंगनी करायची, असे जवळजवळ ठरलेच होते.

त्याच सुमारास कॉलेजच्या शिबिरात भाचीचे हिमोग्लोबिन तपासले गेले. ते 9.4 निघाले. तीन महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही आकडा 9.5 च्या पुढे सरकेना. "मुलींना अशक्तपणा असतोच. खजूर खाऊ घालते," आपा म्हणाली.

आम्ही मोबाइल उघडला. तुम्हीही हेच केले असते. पहिल्या पाच मिनिटांत बीट, डाळिंब, कलौंजी आणि "सात दिवसांत रक्त दुप्पट" असे व्हिडिओ समोर आले. वर्गात मुलांना आम्ही शिकवतो, की उत्तर वाचण्याआधी ते कोणी लिहिले आहे ते पाहा. सूरह अल-हुजुरातमध्येही ताकीद आहे, की बातमी आली तर आधी शहानिशा करावी. मग हाच नियम आम्ही स्वतःला लावला. व्हिडिओ बाजूला ठेवले आणि जागतिक आरोग्य संघटना, सरकारी आरोग्य विभाग, वैद्यकीय महाविद्यालये यांनी काय लिहिले आहे ते वाचले.

तिथे कळले, की लोहाच्या गोळ्यांनी फरक पडत नसेल आणि तांबड्या पेशींचा आकार लहान असेल, तर कारण थॅलेसेमिया मायनर हेही असू शकते. भाचीच्या रिपोर्टवर पेशींचा आकार सांगणारा एमसीव्ही हा आकडा होता. तो कमीच होता, पण तिकडे कोणी पाहिले नव्हते.

इंटरनेटचे काम इथे संपले. आम्ही रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एचबीए-टू ही तपासणी करायला सांगितली. साधारणपणे हे प्रमाण 3.5 टक्क्यांच्या वर गेले, की माणूस बीटा थॅलेसेमियाचा वाहक समजला जातो. भाचीचे 5.2 आले.

डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. मायनर म्हणजे आजारी नव्हे. ती शिकेल, नोकरी करेल, संसार करेल. फक्त नवराही मायनर नसावा, एवढे पाहा."

कारण असे, की दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता 25 टक्के असते. पहिले मूल निरोगी झाले म्हणून दुसऱ्याच्या वेळी ही शक्यता कमी होत नाही. मेजर मूल जन्मताना ठीक दिसते. बहुधा पहिल्या दोन वर्षांतच ते फिके पडू लागते. मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, आणि त्या रक्तातून शरीरात साठणारे लोह काढायला रोजची औषधे घ्यावी लागतात.

आपाने खालाकडे मुलाच्या तपासणीचा विषय काढला. खाला दुखावली. "आमच्या खानदानात असा आजार कुणाला झाला नाही. तू माझ्या नातवावर शक घेतेस?"

खालाचे म्हणणे खोटे नव्हते. तिला जेवढे खानदान ठाऊक होते, तेवढ्यात खरेच कुणाला नव्हते. अब्बांच्या जुन्या वहीत आजोळचा शजराही उतरवलेला आहे. आम्ही तो काढून पाहिला. परनाना, त्यांचे दोन मुलगे, त्या मुलग्यांचे मुलगे. एकाही मुलीचे नाव नाही. पण रक्तातले हे दोष बापाकडून येतात तसेच आईकडूनही येतात. अर्धे खानदान वहीत नव्हतेच.

आमचे आजोळ नाशिक जिल्ह्यातले. भूमी अभिलेख विभागाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर काही जिल्ह्यांचे जुने फेरफार आणि सातबारे स्कॅन करून ठेवलेले आहेत. तालुका, गाव आणि गट क्रमांक टाकून आम्ही शोधले. तिसऱ्या रात्री परनानांच्या मृत्यूनंतरची वारस नोंद सापडली. दोन मुलगे आणि तीन मुली. शरीअतने मुलीला हिस्सा दिला आहे, आणि त्या तलाठ्याने तो लिहिला होता. धाकट्या मुलीच्या नावापुढे सासरचे गाव होते, भिवंडी.

अम्मीने दोन-चार फोन केले. भिवंडीच्या त्या घरातल्या वहिनींनी पलीकडून शांतपणे सांगितले, "आमचा नातू सहा वर्षांचा आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतो."

खालाने हे ऐकले आणि नातवाला तपासणीला पाठवले. तोही वाहक निघाला.

मंगनी झाली नाही. निर्णय मुलगा-मुलीनेच घेतला, पण रडणे दोन्ही घरांत झाले. त्या ईदला खाला आमच्याकडे आली नाही. आम्ही गेलो, तर शीरखुर्मा दिला, पण बोलली नाही.

नात्यातला निकाह जायज आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. एकाच आजा-पणजाचे रक्त दोघांत असले, तर तोच दोष दोघांतही असण्याची शक्यता वाढते, इतकेच. नात्याबाहेर लग्न केले तरी दोघे वाहक निघू शकतात. इराणने 1997 मध्ये आणि सौदी अरेबियाने 2004 मध्ये निकाहाआधी ही तपासणी सक्तीची केली. सौदीत रिपोर्ट पाहून लग्न करायचे की नाही, हे जोडपेच ठरवते. आपल्याकडे सक्ती नाही, म्हणून जबाबदारी घरच्या मोठ्यांची. तपासणी मंगनीच्या आधी व्हावी. अंगठी घातल्यानंतर रिपोर्ट आला, तर त्याचा बोभाटा मुलीच्या माथी येतो.

इंटरनेटवर शोधताना आम्ही काही गोष्टी पाळल्या. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता बहुधा 'जीओव्ही डॉट इन'ने संपतो, तो आधी पाहावा. रिपोर्ट किंवा आधार कार्ड खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. मुलीची तब्येत ही तिची अमानत आहे. आणि वाचलेल्यावरून औषध सुरू किंवा बंद करू नये, प्रश्न लिहून डॉक्टरांकडे न्यावेत.

भाची आता एम.एस्सी. करते आहे. रिश्ते येतात. आपा पहिल्याच भेटीत तपासणीचे सांगते. दोन घरे उठून गेली, एका घराने स्वतःहून होकार दिला. बोलणी चालू आहेत.

गेल्या महिन्यात खालाचा फोन आला. धाकट्या नातीला रिश्ता आला आहे. सलाम झाला, थोडा वेळ ती गप्प राहिली, मग म्हणाली, "ती तपासणी काय म्हणतात, तिचं नाव कागदावर लिहून पाठव. मुलाच्या घरच्यांना द्यायचंय."

आम्ही लिहून पाठवले. त्याच संध्याकाळी अब्बांची वही काढली आणि परनानांच्या तिन्ही मुलींची नावे शजऱ्यात लिहिली. तुमच्या घरीही अशी वही असेल. नानीच्या, दादीच्या बहिणींची नावे सांगू शकणारी माणसे आहेत तोवर ती विचारून घ्या.