लॅपटॉप सुरूच होत नाही? फॉरमॅट करण्याआधी बॅटरी तपासा

बटण दाबले, कंपनीचे चिन्ह झळकले आणि पडदा काळा झाला. बॅटरी तर चाळीस टक्के दाखवत होती, म्हणजे बिघाड विंडोजमध्येच, असे समजून अनेक जण लॅपटॉप फॉरमॅट करून घेतात. फोटो जातात, प्रकल्पाच्या फायली जातात आणि काही दिवसांनी तोच काळा पडदा परत येतो.

दोष बरेचदा बॅटरीचा असतो. लिथियम-आयन सेल पूर्ण चार्ज असताना साधारण ४.२ व्होल्ट देतो. वापराने आणि उष्णतेने तो झिजला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. टाकी अर्धी भरलेली, पण नळात गाळ साचलेला, अशी ही अवस्था. एक तोटी चालते. चार एकदम सोडल्या की धार तुटते. लॅपटॉप सुरू होताना प्रोसेसर, डिस्क आणि पडदा एकाच वेळी वीज मागतात. त्या क्षणी व्होल्टेज कोसळते आणि संरक्षक सर्किट पुरवठा तोडते. पडद्यावरचे टक्के हा केवळ अंदाज असतो, तोही जुन्या बॅटरीत हमखास चुकतो.

काही लॅपटॉप स्वतःच सांगतात. एचपीच्या यंत्रावर सुरुवातीलाच ‘६०१’ हा क्रमांक आला, तर तो बॅटरीबद्दलचा इशारा असतो. तारीख-वेळ रोज मागे जात असेल, तर मात्र संशय आतल्या छोट्या नाणेसेलवर घ्यावा. बहुधा तो सीआर २०३२ असतो (व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२, म्हणून हे नाव). हा खर्च किरकोळ आहे.

खात्री करणे अवघड नाही. बॅटरी बाहेर निघणारी असेल तर ती काढून लॅपटॉप नुसत्या अॅडॉप्टरवर सुरू करा. सुरळीत चालला, तर चोर सापडला. बॅटरी आत बसवलेली असेल तर हे काम तंत्रज्ञाकडून करून घ्या. विंडोज एकदा सुरू झाले की कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, एक जागा सोडून तिरपी रेघ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ असे इंग्रजीत टंकले, की अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी दिसतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर बॅटरी बदलावी हे बरे. त्याआधी फायलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. आणि बॅटरी बदलेपर्यंत बायोस अपडेट करू नका. मध्येच वीज तुटली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो.

एका बाबतीत मात्र प्रयोग नकोत. टचपॅड वर आला आहे, कीबोर्ड मध्येच फुगला आहे, टेबलावर लॅपटॉप डुगडुगतो आहे, म्हणजे आत वायू साचून बॅटरी फुगली आहे. अशी बॅटरी पेट घेऊ शकते. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. फुगवटा दाबून बसवू नका, टोचू नका, ‘थोडा वेळ चालेल’ म्हणून गादीवर ठेवून चार्ज तर मुळीच करू नका. मुलांच्या अभ्यासाचा लॅपटॉप असेल तर आजच पाहा.

काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नये. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी कुठे जमा करायची, हे सेवा केंद्रात विचारा. तोवर तिची टोके चिकटपट्टीने झाका आणि ती फरशीवर, कागद-कपड्यांपासून दूर ठेवा.