पटकीला आंबट उत्तर

आषाढी वारी आणि पटकी यांचं नातं जुनं. सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपुरात लाखोंची गर्दी जमायची आणि दूषित पाण्यातून 'व्हिब्रिओ कॉलरी' हा जंतू पोटात शिरायचा. या जंतूचं एक मर्म आहे: त्याला आंबटपणा सोसत नाही.

अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये नेमकं तेच हेरलं. पटकीची लागण केलेल्या उंदरांच्या पिल्लांना त्यांनी 'लॅक्टोकॉकस लॅक्टिस' हा दूध आंबवणारा जिवाणू पाजला. त्यानं आतड्यात लॅक्टिक आम्ल तयार केलं आणि पटकीचा जोर ओसरला. हे आम्ल जंतूच्या आवरणातून सहज आत झिरपतं, आत गेल्यावर फुटतं आणि हायड्रोजन आयन मोकळे करतं. ते बाहेर फेकण्यातच जंतूची शक्ती खर्ची पडते. वाढायला काही उरत नाही.

उपकारक जिवाणूंकडे आणखीही हत्यारं असतात. लॅक्टोकॉकसचेच काही वाण 'नायसिन' सोडतात. हे प्रथिन काही जंतूंच्या आवरणाला भोकं पाडतं, पण पटकीच्या जंतूला बाहेरचं जादा आवरण असल्यानं तिथं ते फारसं चालत नाही. शिवाय आतड्याच्या अस्तरावरची जागा आणि अन्न आधीच बळकावलं, की उपऱ्या जंतूला थारा मिळत नाही.

माणसांवरचे पुरावे मात्र वाणागणिक बदलतात. कोलकात्यात ३,७५८ मुलांच्या चाचणीत 'लॅक्टोबॅसिलस केसाय शिरोटा' असलेल्या पेयानं जुलाबाचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. ओडिशात ४,५५६ नवजात बालकांना 'लॅक्टोबॅसिलस प्लांटारम' आणि त्याचं खाद्य असलेली साखर दिली, तेव्हा जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. म्हणून पाकिटावर नुसतं 'प्रोबायोटिक' लिहिलेलं पुरेसं नाही. वाण कोणता, ते पाहावं.

घरच्या दह्याताकातही जिवंत जिवाणू असतात, पण उकळलेल्या कढीत ते टिकत नाहीत. जे पोटात पोचतात, त्यांतले बहुतेक थोड्याच दिवसांत निघून जातात. कायमच्या रहिवाशांना पोसायचं तर चोथा हवा. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या भाकरीतला न पचलेला भाग मोठ्या आतड्यात पोचतो. तिथले जिवाणू त्यापासून आम्लंच बनवतात आणि अपायकारक जंतूंना आवर घालतात.

जुलाब सुरू झाल्यावर मात्र दह्यावर विसंबू नये. आधी जलसंजीवनी, मग डॉक्टर. ताक-भाकरी ही रोजच्या जेवणातली तयारी आहे, ऐनवेळचं औषध नव्हे.