स्वरभेदाच्या निदानात स्वरयंत्रातील मांसपेशींचे महत्त्व

आवाज बसलेला रुग्ण बहुधा प्रथम औषधांच्या दुकानात जातो, खदिरादि वटी किंवा ज्येष्ठमध घेतो आणि पुष्कळदा त्याला बरेही वाटते. प्रतिश्यायानंतरच्या अथवा अतिभाषणाने झालेल्या स्वरभेदात यात काही गैर नाही. परंतु काही रुग्णांत विकृती कंठाच्या श्लेष्मल त्वचेत नसून स्वरतंतू हलविणाऱ्या मांसपेशींत, किंबहुना त्या पेशींना चालविणाऱ्या मज्जातंतूत असते. अशांना कंठ्य औषधे देत राहणे म्हणजे बहुमोल वेळ दवडणे होय.

स्वरतंतू पुढे थायरॉइड तरुणास्थीच्या आतील कोनास, तर मागे ॲरिटेनॉइड या दोन लहान तरुणास्थींस जोडलेले असतात. ॲरिटेनॉइड तरुणास्थी क्रिकॉइडच्या मागील काठावर बसलेल्या असून त्या फिरतात आणि सरकतात. त्या आत वळल्या की स्वरतंतू जवळ येतात, बाहेर वळल्या की दूर जातात. जवळ आणण्याचे काम पार्श्व क्रिकोॲरिटेनॉइड आणि दोन्ही ॲरिटेनॉइडांमधील पेशी करतात. दूर नेणारी मात्र एकच जोडी आहे, ती म्हणजे पश्च क्रिकोॲरिटेनॉइड. श्वासमार्ग उघडण्याचे काम या एकाच जोडीवर सोपविलेले आहे, हे आम्हांस सर्वांत लक्षणीय वाटते.

क्रिकोथायरॉइड पेशी स्वरतंतूंना ताणून लांब व पातळ करते, त्यामुळे स्वर चढतो. थायरोॲरिटेनॉइड त्यांना आखूड व जाड करते. प्रत्यक्ष कंपन उच्छ्वासाच्या वायूने होते. पुरुषांत ते सेकंदाला सुमारे १०० ते १३०, स्त्रियांत २०० च्या आसपास असते. मांसपेशी केवळ ताण व अंतर ठरवितात. वाक्प्रवृत्ती आणि प्रयत्न ही उदानाची कर्मे येथे सहजच आठवतात. तथापि अमुक पेशी म्हणजे अमुक वायू असे समीकरण मांडण्याचा मोह आवरावा.

क्रिकोथायरॉइड वगळता या सर्व पेशी परावर्ती स्वरयंत्र मज्जातंतूच्या आधीन आहेत. दुसऱ्या शतकात गेलनने डुकरामध्ये हा मज्जातंतू छेदून त्याचे ओरडणे बंद झाल्याचे दाखविले होते. सुश्रुतानेही कंठनाडीच्या दोन्ही बाजूंच्या नीला व मन्या या मर्मांच्या आघाताने मूकता व स्वरवैकृत्य येते असे सांगितले आहे. डावा मज्जातंतू छातीत उतरून महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेतो व पुन्हा कंठाकडे चढतो. म्हणूनच डाव्या फुप्फुसाचा अर्बुद, छातीतील वाढलेल्या लसिकाग्रंथी किंवा महाधमनीचा फुगवटा यांचे पहिले लक्षण कधी कधी केवळ बसलेला आवाज असते. राजयक्ष्म्याच्या लक्षणांत चरकाने स्वरभेद गणला आहे, त्याचेही येथे स्मरण ठेवावे. अर्थात यक्ष्म्यात प्रत्यक्ष स्वरयंत्रही दूषित होऊ शकते.

एका बाजूचा स्वरतंतू निश्चल झाला तर आवाज फुसका होतो, बोलताना दम लागतो आणि पाणी पिताना ठसका लागतो. दोन्ही बाजूंचे निकामी होऊन मध्यरेषेजवळ स्थिरावले, तर आवाज जवळजवळ प्राकृत राहतो, पण श्वास घेताना घरघर होते व प्राण संकटात येतो. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर असे क्वचित घडते. यास्तव ‘आवाज बरा आहे, म्हणजे काळजी नाही’ हा निष्कर्ष येथे घातक ठरतो. असा रुग्ण तत्काळ रुग्णालयात पाठवावा.

तीन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या स्वरभेदात स्वरयंत्राची दुर्बिणीने तपासणी करवून घ्यावी, असा आमचा आग्रह आहे. तंबाखू व धूम्रपानाचे व्यसन, मानेतील गाठ, रक्तष्ठीवन किंवा वजनातील घट असल्यास तेवढेही थांबू नये. औषधविक्रेत्या बंधुभगिनींनी दुसऱ्यांदा खदिरादि वटी मागणाऱ्यास किती दिवस झाले आणि पाणी पिताना ठसका लागतो का, एवढे अवश्य विचारावे व शंका येताच वैद्याकडे धाडावे.