देखणं, पण तेच तेच

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० सालचा ‘राजी’ हा खेळ घेऊ. भाऊ गोलूला शोधणारी राजी भिंतींवरून धावते, खांबांवर झेपावते. महाल देखणे, छायाबाहुल्यांतून उलगडणाऱ्या कथा पाहतच राहाव्या अशा. जग खुलं नाही, वाट ठरलेली. तरी मोठ्या खुल्या जगांच्या खेळांतली खोड इथंही आहे. वाट बंद, राक्षस हजर, मारा, पुढं चला. पुन्हा तेच.

पुनरुक्तीचं आम्हांला वावडं नाही. आपल्या अड्याळात भजनाचं ध्रुवपद दहादा येतं, पण दर कडव्यानंतर त्याचा अर्थ वाढतो. इथं राक्षस वाढतात. भावाची ओढ मागं पडते, बोटंच तेवढी खेळतात.

नातवंडांना एवढंच विचारा: या लढाईनंतर राजीबद्दल नवं काय कळलं?