विझून खूण देणारा दिवा

देवापुढचा दिवा विझला असें आपण म्हणत नाहीं. शांत झाला म्हणतों. दिव्याचें विझणें अशुभ, ही समजूत आपल्या हाडींमासीं खिळलेली आहे. परंतु ज्याच्या विझण्यानेंच माणसें सावध व्हावींत, असाही एक दिवा रसायनशास्त्रानें सिद्ध केला आहे.

युद्धें संपलीं तरी जमिनींत पुरलेले सुरुंग उरतात, आणि नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याचा किंवा गुरांमागें धांवणाऱ्या पोराचा पाय त्यांवर पडतो. धातु शोधणारें यंत्र प्रत्येक गंजक्या खिळ्यापाशीं ओरडतें, आणि प्लॅस्टिकच्या सुरुंगापाशीं पुष्कळदां मुकें राहतें. कुत्र्यास मात्र वास येतो; कारण टी. एन. टी. या स्फोटकाचे थोडे रेणु बाहेर झिरपत असतात. हें कुत्र्याचें नाक कृत्रिम रीतीनें कसें करावें?

कांहीं द्रव्यांवर जांभळ्यापलीकडील अदृश्य किरण पडले कीं तीं स्वतः निराळ्या रंगानें उजळतात. या गुणास स्टोक्स यांनीं १८५२ सालीं फ्लुओरेसन्स हें नांव दिलें. टी. एन. टी. चा रेणु इलेक्ट्रॉनांचा भुकेला. तो अशा रेणूस चिकटला कीं त्याचा प्रकाश मावळतो. पण असंख्य दिव्यांतून एक गेला, तर कोणास कळणार? अमेरिकेंतील टिमथी स्वेगर यांनीं सहकाऱ्यासह १९९५ सालीं यावर तोड दाखविली. हे दिवे सुटे न ठेवितां त्यांनीं एका लांब साखळींत गुंफले. किरणांनीं जागी झालेली शक्ति मग पहांटेच्या वासुदेवाप्रमाणें साखळीच्या दारोदार फिरते. आळींतल्या एका घरानें वासुदेवास अडकवून ठेविलें, तर पुढील सर्व दारें गाण्यास मुकतात. तसाच एक भुकेला रेणु साखळीचा मोठा भाग काळवंडून टाकतो.

येथें एक विघ्न आलें, आणि मला तेंच अधिक मनोरंजक वाटतें. लेप दिला कीं साखळ्या एकमेकींस खेटून स्वतःचाच प्रकाश मारीत. (एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस हें समजावणें नलगे!) १९९८ सालीं स्वेगर व यांग यांनीं साखळीच्या अंगास पेंटिप्टिसीन नांवाचे ताठ, रुंद सांगाडे जोडले. त्यामुळें साखळ्यांत अंतर राहिलें, आणि त्याच फटींतून स्फोटकाच्या रेणूंस आंत वाट मिळाली.

पुढें नोमॅडिक्स कंपनीनें या लेपाचें हातांत धरण्याजोगें यंत्र बनविलें. त्याचें नांव फिडो. अमेरिकेंत कुत्र्यास असें नांव ठेवितात. इराकमध्यें अमेरिकी सैन्यानें दडविलेले बाँब हुडकण्यास तें वापरलें. आंतून लेप दिलेल्या बारीक कांचनळींतून हवा ओढली जाते, आणि प्रकाश किंचित् मंदावला कीं शिपाई जागच्या जागीं थांबतो.