फ्रेम मोजाव्यात की चाल पाहावी?

संगणकावर खेळ खेळणारे चार जण एकत्र जमले की वाद ठरलेला. एक म्हणतो, "माझ्याकडे साठ मिळतात." दुसरा म्हणतो, "साठच? मला एकशेचव्वेचाळीस." तिसरा वेगळाच सूर लावतो, "आकडे राहू द्या. त्या पात्राचे पाय जमिनीवरून घसरताहेत, ते दिसत नाही का तुम्हांला?" चौथ्याला वाटते, तिघेही एकाच गोष्टीविषयी भांडत आहेत. वस्तुतः विषय दोन आहेत : एक यंत्राच्या वेगाचा, दुसरा चित्रकाराच्या हाताचा. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे हालचालीतल्या प्रत्येक दोषाचे खापर यंत्रावर फुटते आणि घरी नव्या ग्राफिक्स कार्डासाठी हट्ट सुरू होतो. चांगल्या कार्डाची किंमत आपल्यापैकी अनेकांच्या वर्षाच्या फीहून अधिक असते. तेव्हा ही गल्लत वाटते तितकी निरुपद्रवी नाही.

आधी वेगाचे पाहू. स्थिर चित्रे भराभर एकामागून एक दाखवली की डोळ्यांना गतीचा भास होतो. 'राजा हरिश्चंद्र'च्या (१९१३) आधी दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याचे रोप वाढताना एकेक फ्रेम टिपली होती, तीही याच भासाच्या भरवशावर. बोलपटाला सेकंदाला २४ फ्रेम पुरतात. मग खेळाला ६० का लागाव्यात? कारण असे की, कॅमेऱ्याचे झाकण उघडे असते तेवढ्या अवधीतली सगळी हालचाल एका फ्रेमवर उमटते. धावणाऱ्या माणसाचा हात किंचित फराटल्यासारखा दिसतो आणि पुढच्या फ्रेमशी त्याचा सांधा जुळतो. संगणक मात्र एका क्षणाचे रेखीव चित्र काढतो. अशी चोवीसच चित्रे दाखवली तर हालचाल उड्या मारत गेल्यासारखी वाटते. शिवाय प्रेक्षक नुसता पाहत असतो. खेळाडू कळ दाबतो आणि परिणामाची वाट पाहतो.

सेकंदाला ६० फ्रेम हव्यात म्हणजे एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० असतील तर ३३.३, आणि १४४ असतील तर जेमतेम ७. एवढ्या वेळात संगणकाने खेळातली सारी गणिते करून चित्र पुरे करायचे. नाही जमले तर जुनेच चित्र पडद्यावर रेंगाळते, आणि तोच आपल्याला जाणवणारा हिसका.

इथे सरासरी मोठी फसवी ठरते. समजा, एका सेकंदात ५९ फ्रेम प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत झाल्या आणि एकीला ११५ लागले. बेरीज बरोबर एक सेकंद, फ्रेम बरोबर साठ. आकडा निर्दोष, पण डोळ्यांना ठेच लागलीच. (परीक्षेतल्या एकूण टक्क्यांवरून नापास झालेला विषय कळत नाही, तसेच हे.) अशी ठेच पुष्कळदा कार्डाच्या दुबळेपणामुळे लागतही नाही. प्रकाश, छाया, पाणी यांच्या सूचना प्रत्येक कार्डाच्या भाषेत नव्याने उतरवाव्या लागतात. ते काम आधी उरकून घेतलेले नसले, तर ऐन लढाईत पहिला स्फोट होताच खेळ क्षणभर थबकतो. सगळे संच एकसारखे असणाऱ्या कन्सोलवर हे भाषांतर आधीच करून ठेवता येते. पी.सी.वर ती सोय सहसा नसते. कधी बांधणीच इतकी कच्ची असते की उत्तम यंत्रही हात टेकते. 'बॅटमन : अर्कहॅम नाइट'ची पी.सी. आवृत्ती जून २०१५ मध्ये निघाली आणि तक्रारींमुळे काही दिवसांतच तिची विक्री थांबवावी लागली. ती ऑक्टोबरमध्ये परतली.

आता चित्रकाराच्या हाताकडे वळू. १९९६ च्या 'क्वेक' या खेळात राक्षसांच्या मुद्रा सेकंदाला दहाच बेतलेल्या होत्या, आणि दोन मुद्रांमधला प्रवास मूळ खेळ भरून काढीत नसे. यंत्राने सेकंदाला शंभर फ्रेम दाखवल्या तरी राक्षसाची मुद्रा दहा फ्रेमपर्यंत तीच. पुढे पात्राच्या आत हाडांचा सांगाडा कल्पून मधल्या अवस्था गणिताने काढण्याची रीत रूढ झाली. १९९८ चा 'हाफ-लाइफ' हे तिचे गाजलेले उदाहरण. हालचाल गुळगुळीत झाली. पण गुळगुळीत म्हणजे जिवंत नव्हे. आपल्या स्नेहसंमेलनातल्या एकांकिकेत राजा झालेला मुलगा हवालदारासारखा चालला, तर प्रकाशयोजना कितीही सुरेख असून काय उपयोग?

उलट, काही कलावंत हा गुळगुळीतपणा जाणूनबुजून टाळतात. 'गिल्टी गिअर एक्सआरडी' (२०१४) मधली पात्रे त्रिमितीत घडवलेली आहेत. तरी जपानी व्यंगपटाचा ठसका यावा म्हणून मधल्या अवस्था गाळून एकेक मुद्रा काही काळ धरून ठेवलेली आहे. 'कपहेड'मध्ये (२०१७) कागदावर हाताने काढलेली चित्रे सेकंदाला २४ या हिशेबाने हलतात, खेळ मात्र ६० फ्रेमने चालतो. ते पाहून "माझे यंत्र अडखळते आहे" असे म्हणणारा चित्रकाराच्या निवडीलाच बिघाड समजतो.

माझ्या मते या साऱ्यांत 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चे (१९८९) स्थान वेगळे आहे. जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले आणि त्यावरून राजपुत्राच्या मुद्रा गिरवल्या. तलवारबाजी तर १९३८ च्या रॉबिन हूडपटातल्या द्वंद्वावरून उचलली. ॲपल टू हे आजच्या मानाने अगदीच तुटपुंजे यंत्र, तरी त्या देहाला वजन होते. धावता धावता तो एकदम थांबत नाही, पाय रोवायला त्याला वेळ लागतो. याची किंमतही आहे. कळ दाबल्यावर राजपुत्र चालू पाऊल पुरे करूनच उडी घेतो, आणि तेवढ्यात खेळाडू खड्ड्यात. 'रेड डेड रिडेम्प्शन २' (२०१८, पी.सी.वर २०१९) विषयीही हीच कुरकुर ऐकू येते : घोडेस्वार देखणा, पण सांगितलेले उशिरा ऐकतो. काहींना हा देखणेपणा हवा असतो, काहींना आज्ञाधारकपणा. कितीही महाग कार्ड आणले तरी हे भांडण मिटायचे नाही.

कधी कधी वेग आणि हालचाल एकमेकींत गुंततात, तेव्हा तर गंमतच होते. 'डार्क सोल्स २' मध्ये (२०१४) शस्त्राची झीज फ्रेमच्या हिशेबाशी जोडली गेली होती. त्यामुळे पी.सी.वर ६० फ्रेमने खेळणाऱ्याची तलवार ३० फ्रेमवाल्याच्या दुप्पट वेगाने झिजे! ही चूक २०१५ मध्ये दुरुस्त झाली.

तेव्हा मित्रहो, कार्डासाठी घरी शब्द टाकण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. चित्राचा दर्जा आणि रेझोल्यूशन अगदी खाली आणून खेळ चालवावा. हिसके गेले तर कार्ड खरोखरच कमी पडत होते. गेले नाहीत तर दोष बहुधा प्रोसेसरचा किंवा खेळाच्या बांधणीचा. एखाद्या ठिकाणी पहिल्या फेरीत खेळ थबकला आणि दुसऱ्या फेरीत सुरळीत गेला, तर ते वर सांगितलेले भाषांतर असावे. आणि हिसका एकही नसताना पात्राचे पाय जमिनीवरून घसरतच राहिले, तर ते ज्याने बेतले त्याच्याच टेबलापाशी जाऊन विचारायला हवे.