छोट्या ट्रकची कैफियत



रेडिओच्या लहरींवर चालणारा वीतदीड वीत लांबीचा ट्रक ही मुलांची वस्तू की मोठ्यांची, याविषयी घरोघर मतभेद असतात. तो मोडतो, याविषयी मात्र कोठेही मतभेद नाहीत. ज्याने असा ट्रक बाळगला त्याने हातात स्क्रूड्रायव्हर धरला नाही, असे सहसा घडत नाही. आज मला या मोडतोडीविषयीच थोडे बोलावयाचे आहे. त्यातही एक प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो : वस्तू मोडली म्हणजे ती चालविणाऱ्याचा अपराध, की घडविणाऱ्याचा?

प्रथम एक भेद स्पष्ट करू. जत्रेत किंवा खेळण्यांच्या दुकानात मिळणारा दूरनियंत्रित ट्रक बिघडला की तो टाकून द्यावा लागतो. छांदिष्टांसाठी बनविलेला ट्रक निराळा. त्याचे चाक, दंतचक्र, भुजा, मोटार असा प्रत्येक भाग सुटा मिळतो. पुष्कळदा संपूर्ण ट्रकच सुट्या भागांच्या पेटीतून येतो आणि तो आपण जोडावयाचा असतो. दुरुस्ती हा या छंदाचा अपघात नसून अर्धा छंदच आहे.

या कल्पनेचे मूळ जुने आहे. १८९८ साली निकोला टेस्ला याने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एक छोटी नौका बिनतारी लहरींनी चालवून दाखविली. ज्या लहरींवरून माझा आवाज आपल्यापर्यंत पोचतो, त्यांच्याच कुळातल्या त्या लहरी. चारचाकी वाहनांचा छंद सर्वदूर पसरला तो मात्र पुढे, जपानमधील शिझुओका शहराच्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्श ९३४ या मोटारीची विजेवर चालणारी प्रतिकृती बाजारात आणली त्यानंतर. १९८० नंतरच्या दशकात प्रचंड टायरांचे ट्रक आले आणि मोडतोडीच्या इतिहासाला खरा रंग चढला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात आकार आणि बळकटी यांचा संबंध उलगडला आहे. एखादी वस्तू लांबी, रुंदी, उंची या तिन्ही बाजूंनी एकदशांश केली, तर तिच्या दांड्यांचा छेद शंभरावा हिस्सा होतो, पण वजन हजारावा हिस्सा होते. बळकटी छेदावर अवलंबून असते. म्हणून वजनाच्या मानाने लहान वस्तू दसपट कणखर ठरते. दोन हजार किलोंचा खरा ट्रक एका मजल्याच्या उंचीवरून पडला तर त्याची शकले होतील. त्याची दोन किलोंची प्रतिकृती आपल्या उंचीवरून पडली तरी बहुधा उठून चालू लागते. निसर्गाने लहान वस्तूला दिलेले हे वरदान आहे.

पण माणूस हे वरदान उधळून टाकतो. खऱ्या ट्रकला दीडशे किलोवॅटचे इंजिन असेल, तर त्याच हजाराव्या हिश्शाने प्रतिकृतीला दीडशे वॅट पुरेत. पेटीतून येणारी साधी ब्रशची मोटार याच पायरीवर असते. आज मिळणाऱ्या ब्रशविरहित मोटारी काही शे वॅटपासून किलोवॅटपर्यंत जातात. वेग दुप्पट केला की आघाताची शक्ती चौपट होते, हे शाळेत शिकलेले गणित ट्रकवाला विसरतो आणि भिंत ते विसरत नाही. अशा वेळी तुटलेल्या भुजेचा दोष कारखान्यावर ढकलणे अन्यायाचे होय.

याच्या उलट प्रकारही तितकाच खरा. वेगवेगळ्या गावच्या, वेगवेगळ्या स्वभावाच्या माणसांच्या हातून एकच भाग एकाच जागी तुटू लागला, तर तो माणसांचा दोष नव्हे, रचनेचा होय. सरकारी कचेरीत काम करणाऱ्या माणसाला ही परीक्षा चटकन पटते. चौकशीचा ओघ नेहमी सर्वांत खालच्या पायरीकडे वाहतो; नियमच सदोष होता, हे अहवालाच्या शेवटी, बारीक अक्षरांत येते. ट्रकच्या बाबतीत विक्रेत्याचे उत्तर ठरलेले असते : ‘तुम्ही जोरात चालविला असेल.’ महिन्याच्या खर्चातून काटकसर करून मुलासाठी ट्रक घेणाऱ्या बापाला हे उत्तर निमूटपणे ऐकावे लागते. मुलाचा चेहरा पडतो आणि पोराला वस्तू सांभाळता येत नाही, असा शिक्का बसतो. म्हणून ही परीक्षा माहीत असलेली बरी.

रचनेतील दोषांची उदाहरणे पाहावयाची तर १९८७ साल सोयीचे आहे. त्या वर्षी तामियाने ‘लंच बॉक्स’ नावाचे, व्हॅनची पेटी आणि अवाढव्य टायर असलेले वाहन काढले. त्याची मागची रचना अशी : मोटार, दंतचक्रांची पेटी आणि आस हा सगळा एकच ठोकळा असून तो पुढच्या बाजूला बिजागरीवर टांगलेला आहे. चाक उसळले की त्याबरोबर मोटारही उसळते. स्प्रिंगच्या खाली लटकणारे वजन जितके जास्त, तितके चाक जमिनीला कमी चिकटते, हा वाहनशास्त्रातला प्राथमिक नियम. तो येथे सपशेल मोडला आहे. शिवाय मोटारीच्या झटक्याने तो ठोकळा स्वतःच पिळला जातो आणि वाहन बेडकासारखे उड्या मारू लागते. त्यावर छांदिष्टांनीच उपाय शोधला : चार शॉक-अॅब्सॉर्बर असताना मधोमध पाचवा बसवायचा. घरोघर केली जाणारी ही दुरुस्ती म्हणजे रचनाकारावर ठेवलेला शांत, सभ्य ठपकाच आहे.

आता याला दोष म्हणावे की स्वभाव? हे वाहन पुढची चाके उचलून मागच्या दोन चाकांवर धावते, आणि नेमके त्यासाठीच ते लोकांना आवडले. पुढे कंपनीने ते पुन्हा बाजारात आणले तेव्हा त्याची मूळ ठेवण तशीच ठेवली. माझ्या मते हा क्षम्य दोष आहे. कारण त्यामुळे वाहन हसू आणते, पण खिशाला खड्डा पाडत नाही. साधी रचना, थोडे भाग आणि कमी वेग यांमुळे ते चिवटही आहे.

त्याच वर्षीचा ‘क्लॉड बस्टर’ हा ट्रक अधिक गंभीर उदाहरण होय. शेवरोले पिकअपचे रूप, नारळापेक्षा मोठी चाके, पुढच्या व मागच्या आसेवर एकेक स्वतंत्र मोटार, चारही चाकांना गती आणि चारही चाके वळणारी. मधून जाणारा गतिदंड नाही, त्यामुळे तो तुटण्याचा प्रश्न नाही. दंतचक्रांच्या पेट्या इतक्या दणकट की पुढे शर्यतवाल्यांनी नवे सांगाडे बनविले तरी आस मात्र क्लॉडची ठेवली. रचनाकाराची येथे वाहवाच केली पाहिजे.

परंतु चाके वळविण्याची व्यवस्था पाहा. चाके वळविणारे छोटे यंत्र, म्हणजे सर्व्हो, सांगाड्यावर बसविलेले आहे आणि तेथून लांब दांडे दोन्ही आसांकडे जातात. आस खड्ड्यात खाली गेली किंवा दगडावर वर चढली की सर्व्हो आणि आस यांमधले अंतर बदलते. दांडा मात्र तेवढाच राहतो. परिणाम असा की कोणी आज्ञा केलेली नसताना चाके वळतात. त्यात दोन्ही आसांची चाके वळणारी असल्याने एकीची चूक दुसरीत मिसळते आणि सपाट मैदानावर सरळ जाणारा ट्रक ओबडधोबड जमिनीवर पिऊन चालल्यासारखा चालतो. ओबडधोबड जमिनीसाठीच तो घडविलेला! उपाय पुन्हा छांदिष्टांनी काढला : सर्व्हो उचलून थेट आसेवरच बसवायचा. मग आस वर जावो की खाली, सर्व्हो तिच्याबरोबर जातो. कागदावर हा दोष दिसत नाही. चाके हवेत धरून फिरविली तरी दिसत नाही. तो फक्त खड्ड्यात दिसतो.

दंतचक्रांचा प्रकार याहून साधा आणि जास्त खर्चिक. मोटारीच्या दांड्यावरचे छोटे दंतचक्र धातूचे आणि त्याला जुळणारे मोठे चक्र प्लास्टिकचे असते. दोन्हींत अंतर जास्त राहिले तर दाते सोलले जातात, कमी राहिले तर मोटार तापते. पातळ कागदाची पट्टी दोन चक्रांमध्ये ठेवून स्क्रू आवळावेत आणि मग पट्टी काढून घ्यावी, ही युक्ती जुनी आणि खात्रीची. पण मोटार धरणारा पत्राच जर प्लास्टिकचा आणि लवचीक असेल, तर काळजीने साधलेले अंतर पहिल्याच झटक्यात बिघडते. येथे पुन्हा तीच परीक्षा लावावी : चक्र एकदा सोलले तर हात तपासावा, तीनदा सोलले तर पत्रा तपासावा. छोटे चक्र दांड्यावर धरून ठेवणारा बारीक स्क्रू सैल होणे हेही नित्याचेच. धातूवर धातू असेल तेथे थ्रेडलॉकचा एक थेंब घालावा. प्लास्टिकवर घालू नये, कारण काही प्लास्टिके त्याने ठिसूळ होऊन तडकतात.

नवखा माणूस दोनचार भुजा तुटल्यावर वैतागून अॅल्युमिनियमचे चकचकीत भाग मागवितो. हा मोह आवरावा. नायलॉनची भुजा वाकते, धक्का पचविते आणि फारच झाले तर स्वतः तुटते. अॅल्युमिनियमची भुजा धक्का पचवीत नाही. तो पुढे ढकलते, आणि स्वस्त भुजेऐवजी महाग पेटी फुटते. घरातल्या विजेच्या फ्यूजचे जे काम, तेच येथे कमकुवत भागाचे. सर्व्होच्या वर बसविलेला स्प्रिंगचा सांधा याच हेतूने मुद्दाम ढिला ठेवलेला असतो. चाकाला बसलेला तडाखा सर्व्होच्या नाजूक दातांपर्यंत पोचू नये म्हणून. तुटणारा प्रत्येक भाग दोष नसतो. काही भाग तुटण्याच्या नोकरीवरच नेमलेले असतात. नायलॉनविषयी आणखी एक गोष्ट. ते हवेतील ओलावा शोषते आणि ओलाव्याने चिवट होते. कोरडे पडले की ठिसूळ बनते. म्हणून काही जाणती माणसे नव्या भुजा पाण्यात उकळून घेतात. पाहणाऱ्याला हा स्वयंपाक वेडेपणाचा वाटतो, पण त्यामागे रसायनशास्त्र आहे.

आपल्याकडच्या धुळीचाही उल्लेख केला पाहिजे. कोकणातली तांबडी धूळ काय, देशावरची काळी माती काय, ती चाकांच्या बुशांत शिरून कानशीसारखी घासते. साधे बुश काढून झाकणाचे बॉल-बेअरिंग घालणे हा सर्वांत फायदेशीर बदल होय. वेष्टनावर ‘जलरोधक’ असे छापलेले असते ते विजेच्या भागांपुरते. बेअरिंगला पाणी लागले की ते गंजतेच. पावसात ट्रक चालविल्यावर पुसून, वाळवून तेल न देता ठेवला, तर बिघाडाचे श्रेय पावसाला देऊ नये.

२००८ साली अमेरिकेतील ट्रॅक्सस कंपनीचा ‘स्लॅश’ आला आणि रुंद, झाकलेल्या पेटीच्या शर्यती ट्रकांची लाट उसळली. यांचा दोष हवेतला. उंचवट्यावरून उडी घेतली की पेटीखाली हवा कोंडते, ट्रकचे नाक वर उचलले जाते आणि तो छत्रीसारखा तरंगत उलटा पडतो. लोकांनी कात्री घेऊन पेटीला भोके पाडली. रूप थोडे बिघडले, उडी सुधारली.

आतापर्यंत सांगितलेल्या बिघाडांत नुकसान पैशांचे होते. विजेच्या बिघाडात ते माणसाचे होऊ शकते. जोरात गती दिली की बॅटरीचा दाब क्षणभर घसरतो. तो फार घसरला तर संदेश घेणारा ग्राहकच क्षणभर बंद पडतो आणि ट्रक कोणाचेच ऐकत नाही. जुन्या २७ मेगाहर्ट्झच्या संचांत दोघांचे स्फटिक एकाच वारंवारतेचे निघाले, तर एकाच्या हातातील यंत्राने दुसऱ्याचा ट्रक धावे. २.४ गिगाहर्ट्झच्या संचांनी हा घोळ जवळजवळ संपविला. संदेश तुटताच गती शून्य व्हावी अशी सोयही आता बहुतेक संचांत असते; पण ती काहींमध्ये आपण स्वतः नेमून द्यावी लागते आणि पुष्कळजण ती नेमीत नाहीत. दोनतीन किलोंचा ट्रक ताशी पन्नास किलोमीटर वेगाने रांगत्या मुलाच्या दिशेने सुटला तर काय होईल, ते सांगावयास नको. म्हणून चाके जमिनीवरून उचलून ट्रक चालू करावा, हातातील यंत्र बंद करून पाहावे आणि चाके थांबतात की नाही याची खात्री करून घ्यावी. एरवी नियम असा : चालू करताना आधी हातातील यंत्र, मग ट्रक; बंद करताना आधी ट्रक, मग यंत्र.

शेवटी बॅटरीविषयी. पूर्वीच्या निकेल-कॅडमियमच्या सहा घटांची बॅटरी ७.२ व्होल्टची असे आणि पुष्कळ हेळसांड सहन करी. आजच्या लिथियम-पॉलिमर घटाचा दाब ३.७ व्होल्ट, भरल्यावर ४.२, तो याच्या वर नेऊ नये आणि साधारण ३.२ च्या खाली उतरू देऊ नये. जुन्या ट्रकमध्ये नवी बॅटरी बसविताना हीच गोष्ट निसटते. जुन्या गतिनियंत्रकाला खालची मर्यादा ठाऊकच नसते. तो शेवटच्या थेंबापर्यंत वीज ओढतो आणि घट कायमचा दुखावतो. असा फुगलेला घट पुन्हा भरावयास लावला तर तो पेट घेऊ शकतो. फुगलेली बॅटरी कितीही महाग असली तरी तिचा मोह सोडावा. चांगलीही भरावयाची ती लिथियमसाठीच्याच चार्जरवर, पलंगापासून आणि पडद्यांपासून दूर, फरशीवर, आणि आपण जागे असताना.